नऊ नंबरच्या बाई आणि एका नावाचे दोघे

हॉस्पिटलात चारशेच्या वर फोन होते, आणि त्यातल्या कुठल्याही फोनवरून नऊ नंबर लावला की बाईंचा आवाज यायचा. "बोला." एवढंच. पण ते "बोला" असं यायचं, की पलीकडचा कितीही घाबरलेला असला तरी त्याच्या तोंडून शब्द फुटायचा. तळमजल्यावरच्या टेलिफोन एक्सचेंजच्या खोलीत बाईंनी सव्वीस वर्षं काढली. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते उच्चारलं जायचं. एरवी त्या नऊ नंबरच्या बाई, आणि घाई असली की नुसत्या नऊबाई. या नावाचा त्यांना कधी राग आला नाही. त्या म्हणायच्या, "माझ्यामुळे कुणाच्या नाकी नऊ आले नाहीत म्हणजे झालं."

माणूस शोधून काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. हाडांचे डॉक्टर खोलीत फोन उचलत नाहीत म्हटल्यावर दुसऱ्या कुणी "नाहीयेत" सांगून मोकळं झालं असतं. बाई आधी खोली लावून बघायच्या, मग वॉर्ड, मग ऑपरेशन थिएटरच्या बाहेरची सिस्टर, आणि कुठेच पत्ता लागला नाही तर सगळ्या इमारतीत लाउडस्पीकरवरून पुकारा. पुकारा अगदी शेवटी. एका माणसासाठी सगळ्या दुनियेच्या कानात ओरडणं त्यांना बरं वाटायचं नाही.

बाई बावन्न वर्षांच्या झाल्या त्या वर्षी एक्सचेंज बंद झालं. फोनवर यंत्रातली बाई बोलायला लागली, आणि लोक हे बटण दाबा, ते बटण दाबा यात फिरत राहिले. ऑफिसातल्या साहेबांनी बाईंना बोलावून विचारलं, "रेकॉर्ड रूममध्ये जाता, की कॉम्प्युटर विभागात?"

बाईंनी एकच प्रश्न केला. "खिडकी कुठे आहे?"

खिडकी कॉम्प्युटर विभागात होती. तिसऱ्या मजल्यावर सहा माणसं, आठ टेबलं, आणि खाली दुचाक्यांचा स्टँड दिसेल अशी मोठी खिडकी. हॉस्पिटलची स्वतःची वेबसाइट तिथे तयार होत होती. पेशंटच्या घरच्यांनी लॉगिन करायचं आणि तारखा, रिपोर्ट, सूचना घरबसल्या बघायच्या. बाईंचं काम म्हणजे त्या पानांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका काढणं. पानांमागचे प्रोग्रॅम लिहिणारा तिशीतला मुलगा होता. त्याची दाढी छातीपर्यंत पोचलेली, म्हणून सगळे त्याला दाढी म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं, की हे सगळं जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेलं आहे.

"मला घरी दोन जावा आहेत," बाई म्हणाल्या. "आता तिसरी कशाला?"

दाढी हसला नाही. त्याने पानाची फाइल उघडून बोट ठेवलं. "ताई, साधा मजकूर खुशाल दुरुस्त करा. पण हे डॉलरचं चिन्ह आणि महिरपी कंस दिसले, की तिथे हात लावायचा नाही."

बाईंनी अकरा दिवस कळ काढली. बाराव्या दिवशी त्या खुर्ची ओढत त्याच्या टेबलाशी गेल्या. "हे बघ, इथे लिहिलंय 'पेशंट डॉट नेम', आणि पान उघडलं की तिथे माणसाचं नाव दिसतं. हे येतं कुठून, एवढंच सांग. हात लावत नाही."

दाढी कुरकुरत सांगायला लागला, आणि सांगता सांगता रंगला. पानामागचा प्रोग्रॅम पेशंटची माहिती गोळा करतो आणि तिचं एक गाठोडं बांधतो. त्या गाठोड्याला बीन म्हणतात. मग त्याला एक नाव देऊन तो ते चारपैकी एका जागी ठेवतो. पहिली जागा त्या पानापुरती. दुसरी त्या एका मागणीपुरती, म्हणजे माणसाने पान मागितल्यापासून ते त्याच्यासमोर येईपर्यंत. तिसरी सेशनची, म्हणजे त्या माणसाच्या लॉगिनपासून लॉगआउटपर्यंत. आणि चौथी अख्ख्या साइटची, सगळ्यांना मिळून एकच.

"आणि पानाने नुसतं नाव घेतलं, जागा सांगितली नाही तर?"

"तर सगळ्यात जवळच्या जागेपासून शोधत बाहेर जायचं. जिथे पहिल्यांदा मिळेल तिथे थांबायचं. कुठेच नाही मिळालं तर गप्प बसायचं. जागा कोरी राहते."

बाईंनी चार जागा बोटांवर मोजल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आधी खोली, मग वॉर्ड, मग थिएटर, मग पुकारा."

"काय?"

"काही नाही. आणि 'डॉट नेम' म्हटलं की गाठोडं सोडून आतलं नाव उचलून आणायचं?"

"नाही, आत कुणी हात घालत नाही. गाठोड्याचंच एक काम असतं, गेटनेम नावाचं. आपण 'डॉट नेम' म्हटलं की त्याला निरोप जातो. ते काढून देईल ते घ्यायचं."

हे बाईंना फार पटलं. औषध हवं असेल तर सिस्टरकडे मागावं, कपाट आपण उघडू नये, असा त्यांचा सव्वीस वर्षांचा अनुभव होता. "एवढं सोपं होतं," त्या उठता उठता म्हणाल्या, "तर हात लावू नका कशाला म्हणालास?"

त्या दिवसापासून दाढी त्यांना लहानसहान पानं करायला द्यायला लागला. बाईंनी एक जाड वही केली. घरी नवऱ्याच्या शिलाई मशीनच्या शेजारी बसून त्या तिच्यात लिहायच्या. नवरा शिंपी होता, पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. बीन म्हणजे शेंगेतला दाणा, हे त्याला मुलीकडून कळलं होतं. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी विचारायचा, "काय, किती घेवडा सोललास आज?"

पुढे एक दिवस असा आला, की बाई पर्स खुंटीला लावून नुसत्या बसून राहिल्या. त्यांनी 'नेम' लिहिताना पहिलं अक्षर कॅपिटल टाकलं होतं. माणसाच्या नावाला मोठं अक्षर लावायची हाताला सवयच होती. पान उघडल्यावर नावाच्या जागी काही नाहीच, उलट सगळं पानच कोसळलं आणि पडदाभर इंग्रजीत आरडाओरडा. साहेब नेमके मागे उभे होते.

"एका अक्षरापायी," बाई म्हणाल्या. "या वयात हे झेपणारं नाही. उद्या साहेबांना सांगते, मला रेकॉर्ड रूममध्ये टाका."

नवऱ्याने मशीन थांबवलं. "मागच्या आठवड्यात मी त्या मास्तरांच्या शर्टाला उजवी बाही डावीकडे लावली. दुकानाला कुलूप घातलं का? उसवलं, परत लावली. मास्तर घालून फिरतोय." त्याने सुई दातांत धरली, आणि तशाच तोंडाने म्हणाला, "आणि रेकॉर्ड रूमला खिडकी नाही."

बाई गेल्या नाहीत. दोन वर्षांत साइटची चाळीसेक पानं त्यांच्या हाताखाली आली. जावा त्यांना कधीच लिहिता आलं नाही, त्यांनी तसा आवही आणला नाही. गाठोडी दाढीने बांधायची, पानं बाईंनी मांडायची, अशी वाटणी पडून गेली. कधी बाई तक्रार करायच्या, की वयाच्या जागी काहीच येत नाहीये. दाढी बघून सांगायचा, की मुळात नोंदच झालेली नाही. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार," असं म्हणून बाई नोंदणीच्या खिडकीवर जाऊन भांडून यायच्या. ते कोरं राहणं त्यांना खटकायचं. फोनवर कुणी सापडलं नाही तर निदान "नाहीयेत" तरी सांगता यायचं. म्हणून त्यांनी पानापानावर सोय केली, की गाठोड्यातून काही आलंच नाही तर तिथे 'नोंद नाही' असं स्पष्ट दिसावं.

मग तो सोमवार उजाडला.

शनिवारी रिपोर्टचं नवं पान सुरू झालं होतं. सोमवारी सकाळी दहाच्या आत चार फोन आले. पाचवा माणूस थेट पॅथॉलॉजी लॅबच्या दाराशी जाऊन उभा राहिला. तक्रार सगळ्यांची एकच. बाकीच्या पानांवर वरच्या पट्टीत 'नमस्कार' आणि पुढे आपलं नाव येतं, पण रिपोर्टचं पान उघडलं की तिथे दुसऱ्याच कुणाचं तरी नाव. ते नाव होतं लॅबमधल्या पॅथॉलॉजिस्टचं. हा गृहस्थ आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला, स्वभावाने इतका भिडस्त, की कँटीनमध्ये चहाही मागायचा नाही, समोर येईल तो प्यायचा. लॅबमध्ये त्याला सूक्ष्मराव म्हणत. तो बिचारा जिने चढून वर आला आणि दारातच म्हणाला, "मी कुणाला नमस्कार केलेला नाही. लोक मला शोधत येतायत."

दाढीने तपासायला घेतलं. नोंदींमध्ये नाव बरोबर. सेशनमध्ये लॉगिन केलेल्याचं नाव बरोबर. पानावर मात्र चूक. त्याने साइट बंद करून चालू केली, तरी सूक्ष्मराव हटेनात. दुपारपर्यंत दाढी स्वतःची दाढी दोन्ही हातांनी ओढत बसला होता, आणि साहेब दर वीस मिनिटांनी येऊन "झालं का" विचारत होते.

तेवढ्यात बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. रिपोर्ट देण्याच्या खिडकीवरचा जुना कारकून होता. यंत्रातल्या बाईवर त्याचा विश्वास नव्हता. काही अडलं की तो अजूनही बाईंनाच गाठायचा. "बाई, एक म्हातारे गृहस्थ तासभर हलायला तयार नाहीत. पानाचा कागद छापून दिला, तर म्हणतात हा माझा नाहीच. जरा खाली येता?"

बाई खाली गेल्या. खिडकीपाशी सत्तरीचा एक माणूस उभा होता. हातांवर जुन्या जखमांचे वण, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. सुतारकाम करत असावा, आणि विचारल्यावर तेच निघालं. कागद त्याने दोन्ही हातांत पंख्यासारखा धरला होता.

"काका, काय झालं?"

"वर हे नाव कुणाचं? मी ह्या माणसाला ओळखत नाही."

"ते चुकून आलंय. खाली रिपोर्टमध्ये पेशंटचं नाव बरोबर आहे ना?"

"आहे. माझ्या बायकोचंच आहे. पण वरचं नाव चुकलं, तर खालचं बरोबर कशावरून?" तो आवाज न चढवता बोलत होता. "ती इथेच वॉर्डात आहे. तिच्या पोटातला गोळा तपासायला दिला होता. यात लिहिलंय, साधी गाठ, वाईट काही नाही."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं आहे म्हणूनच भीती वाटते," सुतारकाका म्हणाले. "वाईट लिहिलं असतं तर मी गुपचूप मानलं असतं आणि निघून गेलो असतो. हे मी तिला जाऊन सांगितलं, आणि उद्या तुम्ही म्हणालात चुकलं, तर मी तिला तोंड कसं दाखवू?"

बाई खिडकीकडे वळल्या. त्यांनी कारकुनाला सांगितलं, "यांना मी घेऊन जाते," आणि काकांना थेट लॅबमध्ये नेलं. सूक्ष्मराव आधी उठून मागे सरकला. आणखी एक माणूस आपल्याला जाब विचारायला आला, असं त्याला वाटलं. बाईंनी त्याला हकिकत सांगितली. सांगून होईपर्यंत त्याचा संकोच पार गेला. त्याने लॅबचं जाडजूड रजिस्टर काढलं, काकांकडून नमुना दिल्याच्या दिवशीची पावती मागून घेतली आणि पावतीवरचा नंबर रजिस्टरमध्ये काकांना स्वतःच्या बोटाने शोधायला लावला. मग खणातून काचपट्टी काढली. तिच्यावरही तोच नंबर. शेवटी कागदावरचा.

"चारी ठिकाणी एकच आहे," सूक्ष्मराव म्हणाला. "ही तपासणी मीच केलीय. दोनदा पाहिली. त्यांना काही झालेलं नाही."

काकांनी नंबर पुन्हा एकदा पावतीवरून कागदावर, कागदावरून काचेवर जुळवून पाहिला. लाकूड कापण्याआधी दोनदा मापणाऱ्या माणसासारखा सावकाश. आणि मग ते जवळच्या स्टुलावर बसले. स्टूल डगमगलं. त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला. सूक्ष्मरावाने पाणी आणून दिलं आणि उगाचच काचपट्ट्या पुसत उभा राहिला.

पाणी पिऊन झाल्यावर काका थोडे सैलावले. "म्हणजे हे तुम्ही होय," सूक्ष्मरावाकडे बघत ते म्हणाले. "तासभर तुमचंच नाव वाचतोय. वर पण तुम्ही, खाली पण तुम्ही."

"खाली कुठे?" बाईंनी विचारलं.

काकांनी कागद पुढे केला. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत 'तपासणी करणारे' असं लिहून सूक्ष्मरावाचं नाव होतं. ते तिथे असायलाच हवं होतं. बाईंनी वरचं नाव पाहिलं, खालचं पाहिलं, आणि त्यांना एकदम दोन सर्जन आठवले. एका आडनावाचे दोघे होते, एक थोरले ओपीडीत बसणारे, आणि एक धाकटे, नव्याने दुसऱ्या मजल्यावर आलेले. दुसऱ्या मजल्यावरून कुणी नुसतं आडनाव सांगून थोरल्यांना बोलावलं, तरी शेजारच्या खोलीतून धाकटेच ओ द्यायचे. चूक कुणाचीच नसायची. जवळ असेल त्याला आधी ऐकू जाणार. शेवटी बाईंनी दंडक घातला होता, की आडनावापुढे ओपीडी का दुसरा मजला हे सांगितल्याशिवाय फोन जोडणार नाही.

काकांना तिथेच बसवून बाई जिने चढून वर आल्या. धाप लागली होती, पण बसल्या नाहीत.

"अरे, रिपोर्टच्या खाली तपासणी करणाऱ्याचं नाव येतं, ते तू कशातून आणलंस?"

"लॅबच्या माणसाचं गाठोडं त्या मागणीवर ठेवलंय. युजर डॉट नेम."

"आणि वरच्या पट्टीत मी काय लिहिलंय?"

दाढीने पट्टीची फाइल काढून बघितली. वरच्या पट्टीतही 'युजर डॉट नेम' असंच होतं. लॉगिन केलेल्याचं गाठोडं युजर या नावाने सेशनमध्ये होतं, आणि त्याने शनिवारी लॅबच्या माणसाचं गाठोडंही युजर याच नावाने मागणीवर ठेवलं होतं. मागणी सेशनपेक्षा जवळची. पट्टीने युजर म्हणून हाक मारली, की सूक्ष्मराव ओ देत होते.

"मी सकाळपासून सेशन उघडून बघतोय," तो म्हणाला. "सेशनमध्ये सगळं ठीक आहे."

"सेशनपर्यंत हाक पोचलीच नाही रे. अलीकडेच कुणी तरी उत्तर दिलं."

बाईंनी स्वतःच्या टेबलावर पट्टीची फाइल उघडली आणि 'युजर'च्या आधी जागा लिहिली, 'सेशनस्कोप डॉट युजर डॉट नेम'. दाढीने आपल्या बाजूने लॅबच्या गाठोड्याचं नाव बदलून 'तपासनीस' केलं. दोघांनी मिळून पान उघडलं. वर लॉगिन करणाऱ्याचं नाव, खाली सूक्ष्मराव. साहेब तेवढ्यात आलेच. "झालं का?"

"झालं," दाढी म्हणाला. "चूक माझी होती. सापडली ताईंना." आणि एरवी टेबलावरून न उठणारा तो माणूस नवा कागद छापून घेऊन स्वतः खाली लॅबमध्ये गेला.

काकांनी नव्या कागदावर आपलं नाव वाचलं. दाढी काय चुकलं ते सांगू लागला, त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "आमच्याकडे पण होतं असं. दोन फळ्यांवर एकच खूण केली, की पोऱ्या चुकीची कापतो. यात पोऱ्याला काय बोलणार?" नवा कागद घडी करून त्यांनी वरच्या खिशात ठेवला. दाढीने चुकीचा कागद फाडायला मागितला, तर काकांनी तोही दिला नाही. "राहू दे. चांगली बातमी पहिल्यांदा ह्याच्यावर वाचली."

त्यांची बायको आठ दिवसांनी घरी गेली. त्या सकाळी काका हत्यारांची पिशवी घेऊनच आले होते, आणि लॅबमधलं डगमगणारं स्टूल उलटं करून त्याच्या दोन पायांना पाचरी मारून गेले. सूक्ष्मरावाने त्यांना चहा पाजला, आणि तो त्याने स्वतः कँटीनमध्ये मागून आणला होता. ही बातमी दुपारपर्यंत तिसऱ्या मजल्यावर पोचली.

त्यानंतरचे दोन आठवडे बाई सगळी पानं एकामागून एक काढून बसल्या. कुठलं गाठोडं कुठे ठेवलेलं आहे याची वहीत नोंद, आणि पानावर प्रत्येक ठिकाणी जागेचं नाव. दाढीला ते पटत नव्हतं. "ताई, सगळीकडे लिहायची गरज नाही. जिथे दोन आहेत तिथेच लिहा."

"आज एक आहे. शनिवारी तू दुसरं ठेवणार नाहीस कशावरून?"

"एकदा चुकलो म्हणून जन्मभर ऐकवणार का?"

"जन्मभर नाही. माझी नोकरी चार वर्षं राहिलीय."

यावर मात्र तो हसला. शेवटी तडजोड झाली. वरच्या पट्टीत आणि सगळ्या पानांत मिळून वापरायच्या तुकड्यांत जागा लिहायचीच, बाकीच्या ठिकाणी बाईंना वाटेल तसं. घरी नवऱ्याला हे सगळं सांगितलं, तर त्याला त्यातलं युजर काही कळलं नाही, पण सुतारकाकांचं दोनदा मापणं फार आवडलं. "माणूस कारागीर आहे," असं तो दोन दिवस म्हणत होता.

बाईंना निवृत्तीनंतरही साहेबांनी सोडलं नाही. आठवड्यातून तीन दिवस त्या जातात. पानं करायला दोन नव्या मुली आल्या आहेत, त्यांना त्या वही वाचायला देतात, आणि कॅपिटल अक्षराने पान कोसळलं की ओरडत नाहीत, चहाला घेऊन जातात. दाढीला आता दोन पोरं आहेत आणि दाढीत पांढरे केस. नवं काही ठेवायचं असलं, की तो आपल्या टेबलावरूनच विचारतो, "ताई, 'डेट' हे नाव कुणी घेतलंय का?"

बाई वहीत बघतही नाहीत. "घेतलंय, अपॉइंटमेंटच्या पानाने. तू दुसरं बघ."

आणि तो पुटपुटत दुसरं नाव शोधायला लागतो.